एकच चेंडू, दोन रीती: अ‍ॅनिमेशन हातानं शिकावं की कॉम्प्युटरवर?

अ‍ॅनिमेशन शिकायचं मनात घेतलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. कोणतं घेऊ, माझ्या लॅपटॉपवर चालेल का, चित्रकला यायलाच हवी का? पालकांचा प्रश्न वेगळा असतो: नोकरी कशात आहे? प्रश्न सगळे रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं दुसऱ्याकडून ऐकण्याआधी एक चेंडू दोनदा उडवून बघावा, एकदा कागदावर आणि एकदा ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. एक शनिवार-रविवार पुरतो, खर्च नावापुरता होतो आणि आपला जीव कुठे रमतो ते आपल्यालाच कळतं.

आधी थोडा हिशेब

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर प्रतिमा, असतात. हातानं अ‍ॅनिमेशन करणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात. या धंद्यात त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं आणि मिनिटाला ७२०. हालचाल फार वेगवान असेल किंवा कॅमेरा सरकत असेल, तर दर फ्रेमला नवं चित्र लागतं आणि मिनिटाचा आकडा १,४४० वर जातो.

ही सगळी चित्रं सारख्या महत्त्वाची नसतात. चेंडू सर्वात वर असतानाचं एक, जमिनीला टेकतानाचं एक, अशी जी मोक्याची चित्रं असतात ती ‘की’. दोन कींच्या मधली ती ‘इनबिटवीन’. जुन्या स्टुडिओंत मुख्य कलाकार की काढायचा आणि मधली चित्रं त्याचे मदतनीस काढायचे. कॉम्प्युटरवर की तुम्ही देता आणि मधल्या जागा यंत्र भरतं. दोन पद्धतींतला खरा फरक एवढाच आहे: मधली चित्रं कोण काढतं. कागद की पडदा हा मुद्दाच नाही. टॅबलेटवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडून प्रत्येक चित्र स्वतः काढणारा माणूस हाताचंच अ‍ॅनिमेशन करत असतो, मग भले त्याच्या घरात एकही पेन्सिल नसो.

एवढं डोक्यात ठेवलं की पुढची सगळी तुलना सोपी होते.

शनिवार: कागदावरचा चेंडू

साहित्य: झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद, पेन्सिल, पट्टी, ऑफिसात असतं ते दोन छिद्रांचं पंच आणि मोबाइल. चित्रं एकमेकांवर अचूक बसायला हवीत, नाहीतर चेंडूऐवजी सगळं पानच थरथरतं. त्यासाठी व्यावसायिक लोक पेग बार, म्हणजे खुंट्या असलेली पट्टी, वापरतात. घरी एका पुठ्ठ्यावर ८० मिलिमीटर अंतरानं दोन लाकडी खुंट्या चिकटवा. दोन छिद्रांच्या नेहमीच्या पंचची छिद्रं तेवढ्याच अंतरावर पडतात. खुंटी छिद्रात घट्ट बसली पाहिजे. सगळे कागद आधीच पंच करून ठेवा, आणि पंच एकच वापरा. खालचं चित्र दिसण्यासाठी एलईडी ट्रेसिंग पॅड असेल तर उत्तम, नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर काम भागतं.

पान उभं धरा, छिद्रं खाली. तळापासून ६ सेंटिमीटरवर जमिनीची आडवी रेघ मारा. चेंडूसाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण गिरवा, ते साधारण ३ सेंटिमीटरचं असतं.

आता कळीची गोष्ट. पडणारी वस्तू सारख्या वेगानं पडत नाही. सारख्या वेळात ती १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते. हे गॅलिलिओनं दाखवलं होतं. सहा टप्प्यांची बेरीज ३६ होते. १८ सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडायचा असेल तर एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा झाला. म्हणजे चेंडूची खालची कड जमिनीपासून अशा उंचीवर येईल:

चित्र १: १८ सेंमी
चित्र २: १७.५
चित्र ३: १६
चित्र ४: १३.५
चित्र ५: १०
चित्र ६: ५.५
चित्र ७: ०

या उंच्यांच्या खुणा एका कागदाच्या कडेला करून ठेवा. अ‍ॅनिमेशनवाले याला स्पेसिंग चार्ट म्हणतात. मग चित्र १ आणि ७ काढा, त्यानंतर ४, आणि शेवटी उरलेली. एकामागून एक काढत गेलं तर चेंडू नकळत मोठा किंवा लहान होत जातो. दोन टोकं आधी पक्की केली की ते टळतं. सहाव्या चित्रात चेंडू थोडा उभट करा, सातव्यात चपटा. चपटा करताना बाजूंनी फुगवायला विसरू नका, नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखं दिसतं.

चित्रं सात, पण काम भागतं एका पूर्ण उसळीचं. क्रम असा लावा: १, २, ३, ४, ५, ६, ७, ६, ५, ४, ३, २. झाल्या १२ जागा. प्रत्येकी दोन फ्रेम म्हणजे २४ फ्रेम, बरोबर एक सेकंद. खाली यायला अर्धा सेकंद आणि वर जायला अर्धा. प्रत्यक्षात साधारण १.२ मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे आपला कागदी चेंडू कमरेपेक्षा थोड्या वरच्या उंचीवरून सोडलेल्या चेंडूइतका खरा दिसेल.

मोबाइल स्टँडवर आडवा बसवून थेट खाली रोखा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, खिडकीचा पडदा ओढा. ढग आला-गेला की प्रकाश बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या अ‍ॅपमध्ये वेग सेकंदाला १२ ठेवा, म्हणजे प्रत्येक चित्राचा एकच फोटो पुरेल. लूप लावा आणि बघा.

यानंतर एक प्रयोग जरूर करा, कारण माझ्या मते या सगळ्या शनिवारात शिकण्यासारखं सर्वात जास्त तिथेच आहे. त्याच सात चित्रांचा दुसरा संच काढा, पण उंच्या समान अंतरावर घ्या: १८, १५, १२, ९, ६, ३, ०. चित्रं तेवढीच आणि वेळही तेवढाच. तरीही चेंडू पडत नाही, लिफ्टसारखा खाली उतरतो. किती वेळात घडतं ते टायमिंग, त्या वेळात अंतर कसं वाटलं जातं ते स्पेसिंग. पुस्तकात वाचून हा फरक पटत नाही. दोन्ही लूप शेजारीशेजारी चालवले की कायमचा पटतो.

हात साफ झाला की उसळी कमी करत न्या. पाव उंचीच्या उसळीला अर्धा वेळ लागतो. म्हणून दुसरी उसळी ४.५ सेंटिमीटरची घेतली तर उतरतानाच्या उंच्या ४.५, ४, २.५ आणि ०, तीनच टप्पे. गंमत म्हणजे हेही तेच १, ३, ५.

रविवार: ब्लेंडरमधला चेंडू

ब्लेंडर मोफत आहे आणि मोफत असलं तरी कच्चं नाही. २०२५ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ यातच बनला. साध्या कामाला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. बटणं बघून घाबरायला होतं, पण आपल्याला त्यांतली आठ-दहाच लागणार आहेत.

उघडल्यावर मधला ठोकळा निवडून एक्स दाबून काढून टाका. शिफ्ट-ए, मेश, यूव्ही स्फिअर. टॅब दाबून एडिट मोडमध्ये जा, ए दाबून सगळं निवडा. एस, मग ०.१५, एंटर: चेंडू लहान झाला. जी, झेड, ०.१५, एंटर: चेंडू आपल्या मूळ बिंदूच्या वर सरकला. परत टॅब. हा मधला सोपस्कार टाळू नका. मूळ बिंदू चेंडूच्या पोटात राहिला तर तो चपटा करताना जमिनीपासून सुटून अधांतरी लटकतो. बिंदू तळाशी आणला की उंचीही कागदासारखीच खालच्या कडेपासून मोजता येते.

व्ह्यू मेनूतून समोरचा व्ह्यू घ्या. एन दाबून उजवीकडचा पॅनेल उघडा. टाइमलाइनवर फ्रेम १ वर जा, लोकेशनच्या झेडमध्ये (झेड म्हणजे उंची) १.८ भरा, माऊस त्याच आकड्यावर ठेवून आय दाबा. आकड्याची चौकट पिवळी झाली म्हणजे की बसली. फ्रेम १३ वर झेड ० आणि पुन्हा आय. फ्रेम २५ वर परत १.८ आणि आय. शेवटची फ्रेम २४ ठेवा, म्हणजे लूपमध्ये वरची फ्रेम दोनदा येणार नाही. स्पेसबार दाबा.

तीन कींमध्ये एक सेकंद तयार. काल यालाच सात चित्रं, पट्टी आणि खोडरबर लागलं होतं. पण जरा निरखून बघा. चेंडू वरून निघतो, जमिनीजवळ येताच हळू होतो, अलगद टेकतो आणि तितक्याच अलगद उठतो. त्यात वजन नाही. ब्लेंडर दोन कींमधली वाट आपोआप गुळगुळीत करतो, प्रत्येक कीपाशी वेग मंदावतो. वरच्या टोकाला ते बरोबर असतं, जमिनीपाशी साफ चूक. यंत्राला जमीन म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला फक्त आकडे माहीत आहेत.

ते सांगण्याची जागा म्हणजे ग्राफ एडिटर. तो उघडा, एक्स आणि वायच्या रेषा लपवा, झेडची ठेवा. दरीसारखा गोलसर आकार दिसेल. फ्रेम १३ ची की निवडा, व्ही दाबा, व्हेक्टर घ्या. तळ टोकदार होईल. नवशिके इथे थांबतात आणि चेंडू अजून ढिला का वाटतो म्हणून कोड्यात पडतात. टोकदार करून भागत नाही, उतारही तीव्र हवा. त्या कीच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या छोट्या दांड्या, म्हणजे हँडलं, वर ओढा. किती? इथे कालचा चार्ट उपयोगाला येतो. त्या उंच्यांना दहानं भागा: फ्रेम ३ वर झेड १.७५ हवा, ५ वर १.६, ७ वर १.३५, ९ वर १, ११ वर ०.५५. फ्रेम ७ वर थांबून १.३५ च्या आसपास आकडा येईपर्यंत हँडलं वर घ्या, मग बाकीच्या फ्रेम तपासा. दशांशापर्यंत जुळले की पुरे.

ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये मोशन पाथ्स मोजून घेतले तर प्रत्येक फ्रेमला चेंडू कुठे होता त्याचे ठिपके पडद्यावर दिसतात. वर दाट, खाली विरळ. म्हणजे कागदाच्या कडेला काढलेला तो चार्टच.

चपटेपणासाठी स्केलच्या की द्या. फ्रेम १३ वर झेड ०.७, एक्स आणि वाय १.२, गुणाकार जवळपास १ राहतो, म्हणजे आकारमान टिकतं. फ्रेम ११ आणि १५ वर झेड १.२, इतर दोन ०.९१. फ्रेम ९ आणि १७ वर सगळं १.

रेंडर करताना, म्हणजे ब्लेंडरकडून अंतिम फ्रेम काढून घेताना, थेट व्हिडिओ न घेता पीएनजी चित्रांची मालिका घ्या. मध्येच लाइट गेली तर झालेल्या फ्रेम वाचतात आणि उरलेल्या तेवढ्याच पुन्हा काढाव्या लागतात.

दोन चेंडू शेजारीशेजारी

कागदावर चूक तुमच्या हातून होते आणि हालचालीतला जिवंतपणाही हातातूनच येतो. किंचित थरथरणारी रेघ, थोडा वाकडा चेंडू, हे सगळं न मागता मिळतं. कॉम्प्युटरवर चेंडू कधी वाकडा होत नाही, रंग बदलत नाही, पण वजनही न मागता मिळत नाही.

वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. कागदावर प्रत्येक सेकंदाची किंमत सारखी असते. शंभरावा सेकंदही पहिल्याइतकाच राबवून घेतो. कॉम्प्युटरवर पहिला सेकंद फार महाग असतो. चेंडूच्या बाबतीत ते जाणवत नाही, पण माणूस घ्यायचा म्हटलं तर आधी मॉडेल, मग त्यावर कातडी-कपडे, मग आतला सांगाडा म्हणजे रिग, मग प्रकाश. एकट्या माणसाचे यात महिने जातात आणि तोवर पात्रानं बोटही हलवलेलं नसतं. एकदा ते जमलं की पुढचे सेकंद स्वस्त होत जातात आणि कॅमेरा हवा तसा फिरवता येतो. म्हणून एकाच पात्राचे शंभर भाग काढायचे असतील तर कॉम्प्युटर. दोन मिनिटांची एक गोष्ट, ज्यात आजीचा पदर हवेत उडून त्याचा पक्षी होतो, असली काही कल्पना असेल तर पेन्सिल. कागदावर पदराचा पक्षी करायला दहा-बारा चित्रं लागतील. थ्रीडीत तो वेगळाच प्रकल्प होतो.

बदल करायचे म्हटले तरी हेच. दिग्दर्शक म्हणाला, ‘हात जरा उंच हवा’, तर कॉम्प्युटरवर की सरकवली की झालं. कागदावर तेवढ्या फ्रेममधला हात पुन्हा काढावा लागतो. जाहिरातीच्या कामात, जिथे क्लायंट तिसऱ्या दिवशी मन बदलतो, तिथे थ्रीडी का वाढलं याचं मोठं कारण हे आहे. सौंदर्याचा त्यात फारसा संबंध नाही.

एक गैरसमज मात्र जावा. कॉम्प्युटर आल्यानं जुने नियम मोडीत निघाले, असं काही घडलं नाही. चपटेपणा, ताण, हालचालीआधीची तयारी, कमानीतली वाट वगैरे बारा तत्त्वं डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली पुस्तकात मांडली. ती पेन्सिलीवर घडली होती. १९८७ साली जॉन लॅसेटर यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या सिग्राफ परिषदेत शोधनिबंध वाचला, तो हीच तत्त्वं थ्रीडी कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनला कशी लावायची यावर. त्याच्या आदल्याच वर्षी पिक्सारचा टेबलावरच्या दिव्यांचा लघुपट ‘लक्झो ज्युनियर’ आला होता. त्यातही एक चेंडू आहे. लॅसेटर स्वतः हातानं काढण्याच्या शाळेतून आलेले.

आपल्याकडची सुरुवातही हाताचीच. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ च्या सुमारास उभा राहिला, तिथे शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते आणि १९५७ ची ‘द बॅनियन डियर’ ही फिल्म तिथली. विजया मुळे यांची १९७४ सालची ‘एक अनेक और एकता’ तर दूरदर्शनच्या पिढीला तोंडपाठ आहे. तिचं अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. आजच्या मोजमापानं तिच्यात हालचाल कमीच आहे, चित्रं साधी आहेत. तरी चिमण्या जाळं घेऊन उडतात तेव्हा जाळ्याचं वजन कळतं. आणि दोन्ही पद्धतींच्या बाहेरचा रस्ता दादासाहेब फाळक्यांनी त्याहून कितीतरी आधी चोखाळला होता: खऱ्या आगकाड्या थोड्या थोड्या हलवून फ्रेममागून फ्रेम टिपायची. चित्र काढता येत नाही आणि कॉम्प्युटरही नाही, अशांनी घरच्या काडेपेटीपासून खुशाल सुरुवात करावी.

चेंडूनं निर्णय झाला नाही तर

चेंडू फार सोपा आहे, त्याला तोंड नसतं. तरीही मन बनत नसेल तर दुसरी परीक्षा घ्या: मान वळवणं. डावीकडे बघणारा चेहरा उजवीकडे बघतो, अर्ध्या सेकंदात.

कागदावर मधल्या चित्रात चेहरा समोरून काढावा लागतो आणि तो त्याच माणसाचा दिसावा लागतो. नाक, कान, जबडा वेगवेगळ्या कोनांतून डोक्यात हवेत. चित्रकला कच्ची असेल तर इथे घाम फुटतो. थ्रीडीत हा भाग फुकट. ब्लेंडर स्टुडिओनं मोफत दिलेल्या ‘रेन’ किंवा ‘स्नो’ या तयार पात्रांपैकी एखादं उघडा, मानेचं हाड एका बाजूला वळवून की द्या, दुसऱ्या बाजूला वळवून की द्या. वळलं. पण टेहळणीच्या कॅमेऱ्यानं वळावं तसं. माणूस मान वळवताना हनुवटी मध्ये किंचित खाली येते, डोळे मानेच्या आधी निघतात, अनेकदा पापणी मिटते. फ्रेम ७ वर हनुवटी खाली, डोळे तीन-चार फ्रेम आधी, मध्ये एक पापणी, एवढं घातलं की पात्र विचार करून वळल्यासारखं वाटतं. कागदावरही हेच तीन बदल लागतात.

आता स्वतःला विचारा, कशाचा कंटाळा आला? चेहरा काढण्याचा कंटाळा आला पण हनुवटी किती खाली न्यायची याचा आला नाही, तर थ्रीडी धरा. ग्राफ एडिटरमध्ये हँडलं ओढताना चिडचिड झाली आणि चित्र काढताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर कागद किंवा टॅबलेट. कॉम्प्युटरला ड्रॉइंग टॅबलेट जोडणार असाल तर क्रिटा आणि ओपनटूंझ दोन्ही मोफत आहेत. मोबाइलवर फ्लिपाक्लिप चालतं. हनुवटीचाच कंटाळा आला असेल तर अ‍ॅनिमेटर होण्याऐवजी मॉडेलिंग, प्रकाशयोजना, पार्श्वचित्रं यांकडे बघा. त्या क्षेत्रातही माणसं लागतात आणि ती कामं दुय्यम नाहीत.

नोकरीच्या प्रश्नाचं उत्तरही यातूनच निघतं. मुंबई-पुण्यात स्टुडिओंचं पुष्कळ काम थ्रीडी आणि व्हीएफएक्सचं, म्हणजे सिनेमातल्या दृश्य करामतींचं, आहे, हे खरं. पण कागदावर केलेली चेंडूची, पोत्याची (हा व्यायाम शेवटी दिला आहे), चालण्याची कामं पोर्टफोलिओत असली तर ती थ्रीडीच्या नोकरीतही मोजली जातात, कारण बघणारा स्पेसिंग बघत असतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात रेखाटन असतंच. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत जायचं तरी स्केचबुक रोज उघडावं लागेल. फी भरून सॉफ्टवेअरचा कोर्स लावण्याआधी तिथे पहिल्या महिन्यात काय करून घेतात ते विचारा. चेंडू आणि पोतं येत असेल तर ठीक. थेट उडता ड्रॅगन असेल तर पैसे जपून.

निवड झाली की पुढचे दोन व्यायाम कोणत्याही बाजूचे असलात तरी तेच. पहिला: जड लोखंडी गोळा. त्याच १८ सेंटिमीटरवरून, पडण्याचा वेळही तोच, कारण हलकं-जड सारखंच पडतं. फरक फक्त उसळीत आणि टेकल्यावरच्या थांबण्यात. दुसरा: अर्धं भरलेलं धान्याचं पोतं, जे बसलेलं आहे, उडी मारतं आणि परत बसतं. पोत्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत, फक्त चार कोपरे आणि आत सरकणारं धान्य. ते दमलंय की खुशीत आहे हे घरातल्या कुणाला न सांगता ओळखता आलं, तर मग चालणाऱ्या माणसाला हात घाला.